रुग्णाच्या समोरची भिंत

बेळगावात किंवा निपाणीत नवे रुग्णालय, नवी कचेरी किंवा नवी बँक उभी राहते, तेव्हा फरशीचा रंग ठरविण्यासाठी चार बैठका होतात. भिंतीवरच्या चित्रांची आठवण मात्र उद्घाटनाच्या आदल्या दिवशी होते. मग तसबिरींच्या दुकानाकडे माणूस पिटाळला जातो. तो बर्फाची शिखरे, गुबगुबीत बालक आणि धावते घोडे असा ऐवज घेऊन येतो, आणि जेथे खिळा आधीच मारलेला असेल तेथे एकेक चित्र अडकविले जाते. उरलेल्या जागा औषधांच्या कंपन्यांची आणि विडीवाल्यांची कॅलेंडरे भरून काढतात.

चित्र ही केवळ शोभेची वस्तू होय, ही समजूत या घाईच्या मुळाशी आहे. रुग्णालयापुरती तरी ती खरी नाही. रॉजर उल्रिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या होत्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि तीव्र वेदनाशामक औषधेही त्यांना कमी लागली. खिडकी म्हणजे चित्र नव्हे, हे खरे. परंतु पुढे स्वीडनमधील उप्साला येथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपुढे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रेच ठेवून पाहिली. पाणी आणि झाडे समोर असलेल्यांची धास्ती उतरली; सरळ रेषांच्या अमूर्त चित्रापुढे मात्र ती रिकाम्या भिंतीपेक्षाही वाढलेली आढळली. यात अमूर्त चित्रकलेचा अपमान नाही. निरोगी मनुष्य प्रदर्शनात जातो, कोडे सोडवितो, कंटाळला की बाहेर पडतो. खाटेला खिळलेल्याला बाहेर पडता येत नाही.

तथापि रोग्याला नेहमी गोड चित्रच हवे असते, असेही नाही. इझेनहाइम येथील मठाच्या रुग्णालयासाठी ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास वेदीवरची चित्रे काढली. ती आता फ्रान्समधील कोल्मार येथे आहेत. बुरशी धरलेल्या राय धान्याच्या भाकरीने हातपाय काळे पडून झडत, असा भयंकर रोग झालेले लोक त्या मठात आणले जात. त्यांच्यापुढे चित्रकाराने क्रुसावरचा ख्रिस्त मांडला तो सुंदर नव्हे, तर अंगभर जखमांनी भरलेला आणि वेदनेने बोटे वाकडी झालेला. आपले दुःख दुसऱ्या कोणी तरी भोगले आहे, हे पाहणे हाच तेथे दिलासा होता. पण ते चित्र प्रार्थनेच्या जागी होते आणि पाहणारे सारे एका श्रद्धेचे होते. सरकारी रुग्णालयातील तीस खाटांच्या दालनाला हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही.

सीमाभागात तर मुळीच नाही. येथे पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून माणसे रस्त्यावर उतरलेली आहेत. त्याच गावात खाटांच्या एका रांगेत मराठी, कानडी, उर्दू आणि कोंकणी बोलणारे शेजारी शेजारी निजलेले असतात. चित्राला लिपी नसते. खानापूरजवळचे मलप्रभेचे पात्र पाहताना कोणालाही दुभाष्या लागत नाही. थोर पुरुषांच्या तसबिरींना सभागृह आणि कचेरी या योग्य जागा होत; कोणाचा वीर मोठा, हा वाद रोग्याच्या उशाशी येऊ नये. देवादिकांचे काय? मिशनच्या दवाखान्यात दारावर क्रूस असतो, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गणपती असतो. घर ज्याचे, देव त्याचा, हे लोक समजून घेतात. परंतु जे रुग्णालय सर्वांचे आहे, त्याच्या सामाईक भिंतीवर एकाचीच श्रद्धा नको, आणि सर्वांच्या श्रद्धांची दाटीही नको. त्यापेक्षा प्रत्येक खाटेशी वीतभर रुंदीची एक फळी ठोकावी. सौंदत्तीच्या यल्लम्माचा फोटो, जपमाळ, पीराच्या दर्ग्यावरचा गंडा, नातवाचे छायाचित्र, जे ज्याला हवे ते त्याने तेथे ठेवावे. मोठी भिंत नदीला द्यावी, लहान फळी रोग्याला.

विषय निवडतानाही थोडे तारतम्य हवे. निपाणीच्या तंबाखूच्या शेताचे चित्र कितीही उत्तम वठलेले असो, छातीच्या रोग्यांच्या दालनात ते नको. पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा भव्य खरा, पण ज्याला ताप चढला आहे त्याला संथ पाणी बरे. मुलांच्या दालनात चित्रांच्या जोडीला गोकाकचीच रंगीत लाकडी फळे काचेच्या कपाटात मांडता येतील.

टांगण्याच्या उंचीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. खिळा मारणारा उभा असतो, म्हणून चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत जाते, बहुधा त्याहूनही वर. बाकावर बसून वाट पाहणाऱ्यासाठी ते हातभर खाली हवे. उताणे निजलेल्या रुग्णाला उशामागचे चित्र दिसतच नाही. ते फक्त भेटीस आलेल्यांसाठी असते. त्याचे चित्र पायांकडच्या भिंतीवर, आणि काचेत दिव्याची तिरीप चमकणार नाही अशा बेताने लावावे. लावणाऱ्याने आधी दोन मिनिटे त्या खाटेवर स्वतः पडून पाहावे. रात्री जागत बसणाऱ्या आप्तांच्या खोलीत सावळाराम हळदणकरांच्या हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राची चांगली छापील प्रत शोभेल. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात असलेले ते जलरंगातील चित्र अनेक जण रविवर्म्याचे समजतात. ते आहे सावंतवाडीकडच्या, म्हणजे घाटापलीकडच्या शेजाऱ्याचे.

कचेरीविषयी फार सांगण्यासारखे नाही. तेथे चित्र साहेबांच्या खुर्चीमागे असते. ते अर्ज घेऊन ताटकळणाऱ्यांच्या रांगेसमोर आणावे, म्हणजे झाले.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे उदाहरण बोलके आहे. दिल्लीतील तिच्या इमारतीच्या दाराशी रामकिंकर बैज यांनी घडविलेले यक्ष आणि यक्षिणी उभे आहेत. यक्ष हा धनाचा राखणदार, तेव्हा बँकेच्या दाराशी त्याहून समर्पक कोण? यक्ष उद्योगाचे आणि यक्षिणी शेतीचे प्रतीक. मनाजोगा दगड मिळविण्यापासून काम पुरे होईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि यक्षिणीच्या विवस्त्रतेवरून संसदेत प्रश्नही विचारला गेला. मूर्ती हलल्या नाहीत. आपल्याकडच्या सहकारी बँकेला एवढा खटाटोप नको. खानापूरच्या कुंभारांकडून तांबड्या मातीच्या उठावाच्या फरशा करून घेतल्या, तर ठेवीदारांच्या तालुक्याची मातीच भिंतीवर येईल.

चित्रकारांची तर या भागात कधीच वाण नव्हती. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे (१९३५–२०२२) घडले. वास्तूंची संकल्पचित्रे काढण्यात त्यांनी मोठे नाव मिळविले. निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापूरला आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचा वारसा आहे. या परंपरेत शिकलेल्या तरुणाला दोन चित्रांचे काम दिले, तर त्याचा खर्च फरशीच्या खर्चापुढे नगण्य असतो. उद्घाटनाला सहा महिने अवकाश असताना त्याला बोलवावे, दालन दाखवावे, आणि सकाळी ऊन कोणत्या भिंतीवर येते हेही सांगावे.

एक बारीक गोष्ट राहिली. बेळगावचा पाऊस भिंतीत मुरतो. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्ये वारा खेळतो. दसऱ्याच्या झाडलोटीत सर्व चित्रे उतरवून पाठीमागून पाहावीत. कागदावर तांबूस ठिपके दिसू लागले असतील, तर ते चित्र त्याच भिंतीवर परत लावू नये.