हाफकीनचें चरित्र : खरें किती, ऐकींव किती



लोकांवर उपकार करून गेलेल्या माणसाच्या चरित्रांत ज्या चुका शिरतात त्या बहुधा कृतज्ञतेच्या वाटेनें शिरतात. आणि म्हणूनच त्या उपटून टाकण्यास कोणाचा हात धजत नाहीं. आज मी वाल्देमार हाफकीन यांच्याविषयीं बोलणार आहें. मुंबईस परळ येथें त्यांच्या नांवाची संस्था आहे, ती आपणांस माहीत असेलच. शिवाय ज्या घरांतून अद्यापि जुन्या गोष्टी निघतात, तेथें प्लेगाच्या सालीं गांव सोडून शेतांत झोपडी घालून राहिलेल्या पणजोबांची हकीकतहि केव्हां तरी निघतेच. त्या काळांतला हा पुरुष. शिक्षकी पेशांत असतां थोर शास्त्रज्ञांवरील विद्यार्थ्यांचीं भाषणें मीं पुष्कळ ऐकलीं. त्यांत हाफकीन वारंवार येत, आणि दर वेळीं थोडे निराळे होऊन येत.

पहिलें वाक्य ठरलेलें असे : “हाफकीन हे एक इंग्रज डॉक्टर होते.” या वाक्यांतले दोन्ही शब्द काढून टाकले पाहिजेत. त्यांचा जन्म १८६० सालीं, तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं, एका ज्यू कुटुंबांत झाला. ब्रिटिश नागरिकत्व त्यांनीं पुढें, हिंदुस्थानांत नांव झाल्यावर घेतलें. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक, मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. ‘पाश्चरचे पट्टशिष्य’ हें बिरुदहि असेंच सैल आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ते गेले ते मेचनिकॉफ यांच्या ओळखीनें, आणि प्रथम जागा मिळाली ती ग्रंथालयांतली. हा तपशील क्षुल्लक समजूं नये. इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यांतील पदवीधर डॉक्टरांना हा परदेशी, वैद्यकाबाहेरचा मनुष्य आपल्या डोक्यावर येऊन बसला हें रुचलें नव्हतें. पुढें जें घडलें तें समजून घ्यावयाचें तर ही गोष्ट लक्षांत असावी लागते.

दुसरी गल्लत दोन लसींची. पुष्कळ लेखांतून हाफकीन यांनीं ‘स्वतःला लस टोचून घेतली’ ही गोष्ट एकदांच घडते. कोणी ती पॅरिसला घडवितो, कोणी मुंबईला. ती दोन वेळां घडली. पटकीची लस त्यांनीं पॅरिस येथें १८ जुलै १८९२ रोजीं स्वतःस टोचली. प्लेगाची मुंबईंत १० जानेवारी १८९७ रोजीं. लसीहि एका जातीच्या नव्हेत. पटकीच्या लसींत जंतु जिवंत असत. प्लेगाच्या लसींत जंतु वाढवून, उष्णतेनें मारून, मग ते उपयोगांत आणीत. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेली एक खोली आणि एक ओटी, हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर सुमारें तीन महिन्यांत ही लस तयार झाली. येथें मात्र कोणास अतिशयोक्तीची गरज पडूं नये.

त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत प्रयोग झाला. ‘कैद्यांवर जबरदस्तीनें’ असें कांहीं ठिकाणीं वाचावयास मिळतें. नोंद अशी आहे कीं कैदी स्वखुषीनें पुढें आले. तुरुंगांतील माणसाची खुषी कितपत खुषी म्हणावी, हा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्तच आहे. पण तो प्रश्न विचारणें निराळें आणि नोंदींत नसलेली जबरदस्ती लिहून टाकणें निराळें.

या जबरदस्तीच्या समजुतीचें मूळ, माझ्या मतें, पुण्यांत आहे. १८९७ सालीं तेथें रँडच्या अंमलाखालीं घराघरांत शिरून झालेल्या झडत्या, आणि २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं केलेला त्याचा वध, हें आपणां सर्वांस पाठ आहे. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले वारल्या. एकाच सालांतल्या या गोष्टी लोकस्मृतींत एकमेकींत मिसळल्या, आणि रँडच्या सोजिरांचें पाप हाफकीनच्या सुईस चिकटलें. वास्तविक टोचून घेणें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें. मुंबईंत आगाखानांनीं चारचौघांदेखत स्वतःस टोचून घेतलें, तें पाहून त्यांच्या खोजा समाजांतील हजारों माणसें पुढें आलीं.

लसीचा गुण खरोखर किती होता? ‘हाफकीनच्या लसीनें हिंदुस्थानांतून प्लेग नाहींसा झाला’ हें विधान ऐकावयास गोड आहे, पण खरें नाहीं. त्या सांथींत पुढील दोन दशकांत या देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. उंदीर आणि पिसवा यांचा संबंध कळणें, वस्त्या मोकळ्या करणें, अशा अनेक गोष्टींचा हात रोग ओसरण्यास लागला. पण लस निरुपयोगी होती असें म्हणणाराहि तितकाच चुकतो. बडोदें संस्थानांतील उंढेरा या गांवीं १८९८ सालीं जें केलें गेलें तें मला फार मोलाचें वाटतें. तेथें एकेका कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस टोचलें व निम्म्यांस तसेंच ठेवलें. एकच घर, एकच अन्न, एकाच छपराखालचे उंदीर. फरक काय तो सुईचा. पुढें ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत टोचलेलीं ७१ माणसें होतीं, त्यांपैकीं ३ गेलीं. न टोचलेलीं ६४ होतीं, त्यांपैकीं २६ गेलीं. शेंकडा चार आणि शेंकडा चाळीस! श्रीमंत घरचे टोचून घेतात आणि गरीब मरतात, म्हणून लस गुणकारी दिसते, ही शंका येथें उरत नाहीं. विशेषणांनीं भरलेल्या दहा पानांपेक्षां हे चार आंकडे हाफकीन यांची थोरवी अधिक सांगतात.

आतां मलकोवालचें प्रकरण. येथें चरित्रकारांचे दोन तट पडतात, आणि दोघेहि घाई करतात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या गांवीं, तें आज पाकिस्तानांत आहे, पांच बाटल्यांतील लस १०७ जणांस टोचण्यांत आली. त्यांपैकीं ५३-एन या एका बाटलीची लस ज्यांस मिळाली त्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि ते सर्व मरण पावले. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. बाटली उघडण्यापूर्वीं, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेंतच, ती दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला. हाफकीन यांनीं लसींत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून केवळ उष्णतेवर विश्वास ठेवला होता, याचा बोभाटा झाला. त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें व १९०४ सालीं ते देश सोडून गेले.

ज्यांनीं एवढेंच वाचलें त्यांनीं ‘हाफकीनच्या निष्काळजीपणानें १९ बळी’ असें लिहिलें. परंतु ज्या दिवशीं ती बाटली उघडली त्या दिवशीं ती उघडणाऱ्या कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळून वापरला गेला, ही साक्ष दप्तरांतच होती. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, आणि अशा ओझरत्या धुण्यानें ते मरत नाहींत. बाटली बरेच दिवस आधीं दूषित झाली असती तर उघडतांच तिला दुर्गंधि यावयास हवी होती. ती आली नाहीं. केवळ उष्णतेची रीत तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतहि चालू होती. हे मुद्दे घेऊन मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस पुढें सरसावले. २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्यें दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें, आणि त्या वर्षाअखेर हाफकीन यांच्यावरील ठपका दूर झाला.

येथें दुसरा तट चुकतो. भाविक चरित्रकार एक तर मलकोवालचें नांवच घेत नाहीं, किंवा सगळें पाप त्या कंपाउंडरच्या माथीं मारून मोकळा होतो. चिमट्याचें अनुमान बळकट आहे. तरी तें अनुमान आहे, आणि चरित्रांत तें अनुमान म्हणूनच लिहिलें पाहिजे. हाफकीनला अन्यायांतून सोडविण्यासाठीं एका गरीब नोकराविरुद्ध पुराव्यापेक्षां अधिक बोलणें हा कोठला न्याय? आणि १९ माणसें मेलीं हें दोन्ही पक्षीं खरें राहतें.

निर्दोष ठरल्यावर ‘त्यांची सन्मानानें पुनःस्थापना झाली’ असेंहि पुष्कळ ठिकाणीं लिहितात. त्यांना मुंबईची जागा परत मिळाली नाहीं. कलकत्त्यास नेमणूक झाली, पण तेथें लसींचे प्रयोग करण्यास वाव नव्हता. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपास गेले. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्यें उघडलेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेला त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं, ते हयात असतां, मृत्यूनंतर नव्हे.

उपेक्षेंत, दारिद्र्यांत मेले, ही शेवटची आख्यायिका. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते वारले तेव्हां ते निर्धन नव्हते. विवाह केला नव्हता, राहणी साधी होती. आपली मिळकत त्यांनीं एका निधीस ठेवली. तो निधि पूर्व युरोपांतील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यासाठीं होता. हिंदुस्थानांतील संशोधनासाठीं तो होता असा समज कोणाचा असल्यास त्यानें तो सोडावा. या देशाला जें द्यावयाचें तें त्यांनीं मुंबईंतल्या त्या एका खोलींतून आधींच दिलें होतें : १९२५ पर्यंत तेथून व परळहून मिळून प्लेगाच्या लसीच्या सुमारें २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या.