चित्रांच्या चौकटीतले विज्ञान

घरातली मुलं अभ्यासाच्या पुस्तकाआड चित्रकथेचा अंक धरून बसली, की आपल्या कपाळाला आठी पडते. 'हे काय वाचन झालं?' असे म्हणून आपण अंक हिसकावून घेतो. शाळेत गुरुजींच्या हाती लागला, तर तो टेबलाच्या खणात जातो. आज मला एवढेच विचारायचे आहे, की हिसकावण्यापूर्वी तो अंक आपण स्वतः कधी वाचला आहे काय? न चाखता भाजीला आळणी म्हणणारा आणि न वाचता पुस्तकाला वाईट म्हणणारा, या दोघांत फरक तो काय?

या चित्रकथांत एक जात आहे विज्ञानाची. अग्निबाण, परके ग्रह, अद्भुत यंत्रे यांच्या या गोष्टी. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 1929 साली 'बक रॉजर्स' आणि 1934 साली 'फ्लॅश गॉर्डन' या मालिका सुरू झाल्या. फ्लॅश गॉर्डनचे चित्रकार होते ॲलेक्स रेमंड. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालेला, आणि तीन माणसे अग्निबाणात बसून त्याच्याकडे झेपावतात, अशी ती सुरुवात. पुढे 1964 साली मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले. इंग्रजीबरोबर मराठी आणि इतर भारतीय भाषांतूनही ते येत. 1990 साली ते बंद पडले. पण ज्यांनी लहानपणी ते वाचले, त्यांतले कित्येक जण केस पिकले तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ते अंक शोधत फिरतात. अंकाचा क्रमांक कोणता, चित्रकार कोण, मूळ गोष्टीतली कोणती चौकट इथे गाळली, याची टिपणे ठेवतात, आणि बरेवाईट मत लिहितात. याला परीक्षण म्हणतात. हे काम आपल्या शाळेतली मुलेही करू शकतील, बरं का!

परीक्षण करायचे म्हणजे काय करायचे? मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न: यातले विज्ञान कितपत खरे? उदाहरण घेऊ. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी 1950 ते 1953 या काळात टिनटिनची चंद्रस्वारी चित्रांत रंगवली. माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरला तो 1969 साली, म्हणजे पुष्कळ नंतर. या कथेत यानाचे इंजिन बंद पडताच कॅप्टन हॅडॉकच्या पेल्यातली दारू गोळा होऊन हवेत तरंगू लागते. हे बरोबर आहे. वजन जाणवेनासे झाले, की पातळ पदार्थ गोळ्याचा आकार घेतो. पुढे हाच कॅप्टन यानाबाहेर पडतो आणि ॲडोनिस नावाचा लघुग्रह त्याला ओढून आपल्याभोवती फिरवू लागतो. ॲडोनिस खरा आहे, 1936 साली तो सापडला. पण तो इतका लहान, की त्याची ओढ अगदीच क्षीण. बाजूने जाणाऱ्या माणसाला तो असा पकडून ठेवणार नाही. इथे चित्रकाराने गंमत साधली आणि विज्ञान सोडले.

आता गंमत पाहा. त्याच कथेत चंद्रावरच्या एका गुहेत बर्फ सापडतो. पुढे माणसाने तिथून आणलेले खडक कोरडे ठणठणीत निघाले, तेव्हा ही निव्वळ कल्पना वाटली असती. पण 2008 साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-1 ने चंद्रावर पाण्याचा माग काढला, आणि ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याचे पुरावे पुढे मिळाले. म्हणून परीक्षण करणाऱ्याने 'हे चूक' असे लिहिताना कारणही लिहावे. कारण लिहिले असले, म्हणजे उद्या नवे कळल्यावर मत दुरुस्त करता येते.

दुसरा प्रश्न: यात माणसे कशी दाखवली आहेत? फ्लॅश गॉर्डनमधला दुष्ट सम्राट मिंग घ्या. त्याचे नाव चिनी वळणाचे, त्याचे डोळे तिरपे. पिवळ्या वर्णाची माणसे कपटी, हा त्या काळच्या पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह त्या चित्रात उतरला आहे. रेमंड यांची रेषा सुंदर आहे, आणि म्हणूनच पूर्वग्रह गोड होऊन मुलांच्या मनात उतरतो. इथे अंक जाळायला नको, मुलाला विचारायला हवे, 'बाळ, वाईट माणूस असाच का बरं काढला असेल?' हा एक प्रश्न दहा उपदेशांचे काम करतो.

तिसरा प्रश्न: आपल्यापर्यंत येताना गोष्टीत काय बदलले? फँटमच्या मूळ कथेतल्या 'बेंगाली' देशाचे इंद्रजालवाल्यांनी 'डेंकाली' केले, आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून. असे बदल शोधताना मुले भाषांतर म्हणजे काय ते आपोआप शिकतात.

आणि एक पथ्य. नाव पाहून मत देऊ नये. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या कीर्तीचे वजन पारड्यात पडू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले, ते कथेचे म्हणून मिळाले. मुलांनाही हेच शिकवावे. परदेशी म्हणून थोर नाही, स्वस्त कागदावरचे म्हणून टाकाऊ नाही.

गुरुजी, बाई, याला खर्च काय? एक शंभर पानी वही. वरच्या ओळीत अंकाचे नाव, चित्रकार, साल. खाली तीन प्रश्नांची उत्तरे. शेवटी एक ओळ: मित्राला वाचायला देशील का, आणि का? महिन्यातून एकदा ही पाने भिंतीवर लावा. मंगळावर गेलेला नायक पृथ्वीशी टेलिफोनसारखा भराभर बोलतो, असे चित्र निघाले, तर वर्गात हिशेब करायला लावा. मंगळाचे अंतर कमीत कमी साडेपाच कोटी किलोमीटर, रेडिओलहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. नुसता 'हॅलो' पोचायलाच तीन मिनिटे! जे मूल गणिताला भिते, ते हा हिशेब हसत करील. नागपूरला सहल आणाल, तेव्हा रामन विज्ञान केंद्रातही मुलांना न्या, आणि वहीतल्या शंका तिथे विचारू द्या.

श्रोतेहो, आपल्या मुलांच्या हाती पुढे पुष्कळ चित्रे येणार आहेत, खरी आणि खोटी, गोड आणि विखारी. प्रत्येक वेळी हिसकावून घ्यायला आपण जवळ असू असे नाही. पारखायची सवय मात्र त्यांच्याजवळ राहील. तेव्हा खणातला तो अंक बाहेर काढा, आधी स्वतः वाचा, आणि मग मुलाशेजारी बसून विचारा, 'काय रे, यातलं खरं किती?'