श्वेतनागिणीचें मौन

चीन देशाच्या पूर्व भागांत हांगचौ नांवाचें प्राचीन नगर आहे. नगराला लागूनच पश्चिम सरोवर या नांवाचा विस्तीर्ण जलाशय असून त्याच्या दक्षिण तीरावर दहाव्या शतकांत बांधलेला लेइफंग नांवाचा मनोरा उभा होता. २५ सप्टेंबर १९२४ रोजीं तो कोसळला. एवढी पुरातन वास्तु पडली म्हणजे लोक हळहळतात. परंतु सुप्रसिद्ध चिनी लेखक लू शुन यांनीं त्याच वर्षीं एक निबंध लिहून आपला आनंद उघडपणें प्रगट केला. कारण त्या मनोऱ्याखालीं एक दुर्दैवी स्त्री बंदींत पडली आहे, ही कथा त्यांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकिली होती. त्या स्त्रीच्या नशिबाचा आणि तिच्या हातून घडलेल्या चुकांचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

तिचें नांव बाय सूझेन. ती मूळची श्वेतनागीण. शेंकडों वर्षें तप करून तिनें मनुष्यरूप मिळविलेलें. फंग मंगलुंग या ग्रंथकारानें १६२४ सालीं छापलेल्या कथासंग्रहांत ही गोष्ट आहे. तेथें ती बरीचशी भयप्रद मायाविनी दिसते. पुढें फांग छंगपेइ या नाटककारानें १७७१ सालीं या कथेवर नाटक रचिलें, त्यांत ती प्रेमळ पत्नी झाली. आणि लोकांच्या मनांत तीच मूर्ति कायमची ठसली.

कथा अशी. पावसाच्या दिवशीं सरोवरावर सूझेनची व शू शिएन या साध्या तरुणाची गांठ पडते. औषधांच्या दुकानांत काम करणारा हा तरुण तिला आपली छत्री देतो. छत्री परत करण्याच्या निमित्तानें ओळख वाढते आणि दोघांचा विवाह होतो. तिच्यासमवेत श्याओछिंग नांवाची तितकीच मायावी दासी असते. नवऱ्याच्या गरिबीवर उपाय म्हणून सूझेन त्याच्या हातीं रुपें ठेविते. हें रुपें सरकारी खजिन्यांतून मंत्रबळानें आणलेलें असतें. तें ओळखलें जातें, आणि ज्यानें कांहींच केलें नाहीं त्या शू शिएनला हद्दपारी भोगावी लागते.

येथेंच तिची पहिली चूक दिसते. तिचा हेतु वाईट नव्हता. परंतु जें दिलें तें कोठून आलें, हें घेणाऱ्याला सांगितलें नाहीं. आणि प्रसंग आला तेव्हां घेणाराच गुन्हेगार ठरला.

दुसरी चूक अधिक खोल आहे. आपण कोण, हें तिनें नवऱ्याला कधींच सांगितलें नाहीं. महाभारतांत गंगेनें शंतनूला निदान अट तरी घातली होती. न विचारण्यासारखें कांहीं आहे, एवढें त्याला ठाऊक होतें. शू शिएनला तेवढेंही ठाऊक नव्हतें. पांचव्या महिन्यांतील पंचमीच्या सणाला चिनी लोक मनशीळ घातलेलें मद्य पीत असत. त्यानें सर्प व विषारी किडे दूर पळतात, अशी समजूत आहे. नवरा प्रेमानें पेला पुढें करतो. नकार द्यावा तर कारण सांगावें लागेल. म्हणून आपल्या तपोबलावर भरंवसा ठेवून ती पेला घेते. थोड्या वेळानें पलंगावरील पडदा बाजूला सारतांच त्याच्या दृष्टीस पांढरा नाग पडतो, आणि भीतीनें त्याचे प्राण जातात.

ती प्राणावर उदार होऊन दूरच्या पर्वतावरून संजीवक वनस्पति आणते व त्याला उठविते. इतकें धाडस करणारी ही स्त्री पुढें काय करते? खरें सांगण्याऐवजीं ती रेशमी पट्ट्याचा मायावी साप करून तो मारलेला दाखविते आणि त्याचा संशय फेडते. मृत्यूशीं झगडण्यास ती भ्याली नाहीं. एक वाक्य बोलण्यास मात्र भ्याली.

तें वाक्य अखेर परक्यानें सांगितलें. फा हाय नांवाच्या भिक्षूनें नवऱ्याला सावध केलें आणि सुवर्णगिरि मठांत ठेवून घेतलें. तेव्हां गर्भवती सूझेननें क्रोधानें यांगत्से नदीचें पाणी मठावर चढविलें. मठ बुडाला नाहीं; परंतु लोककथेच्या अनेक पाठांत आसपासचीं निरपराध माणसें बुडालीं. ही तिसरी चूक, आणि तिचीच शिक्षा म्हणून पुत्रजन्मानंतर तिला मनोऱ्याखालीं कोंडण्यांत आलें. पुढें तिच्या मुलानें राजपरीक्षेंत अग्रस्थान मिळवून मातेचा उद्धार केला, असा गोड शेवट नाटकानें जोडिला. पण मधलीं वर्षें कोणी परत दिलीं नाहींत.

लोकांनीं फा हायलाच दोष दिला, आणि तो योग्यच होता. सुखानें नांदणाऱ्या घरांत त्यानें विनाकारण हात घातला. तरीही एक प्रश्न उरतो: त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं शिल्लक कां राहिलें? जें पत्नीनें आधींच सांगितलें असतें, त्याचें शस्त्र भिक्षूला करतां आलें नसतें.

१९५० नंतरच्या दशकांत नाटककार त्येन हान यांनीं ही कथा पुन्हा रंगभूमीवर आणिली. त्यांच्या नाटकांत पुलाजवळील भेटींत सूझेन सर्व सत्य सांगते, आणि शू शिएन तिच्या मानवेतर जन्मासह तिचा स्वीकार करतो. ज्या उत्तराच्या भीतीनें ती इतके दिवस गप्प राहिली, तें उत्तर असें होतें! परंतु तोंवर पूर येऊन गेला होता.

श्रोतेहो, घरोघरीं हें घडतें. नवरा कर्ज लपवितो, बायकोला काळजी नको म्हणून. वडील दुखणें लपवितात, मुलाच्या परीक्षेंत विघ्न नको म्हणून. लग्न जुळवितांना मुलीची फेफऱ्याची व्यथा दडविली जाते, तिचें कल्याण व्हावें म्हणून. हेतु सगळ्यांचे चांगले असतात. परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला जातो, आणि तो अपमान त्याला फार उशिरां कळतो. सावकार, वैद्य किंवा एखादा शेजारी केव्हां तरी भिक्षूचें काम करतोच.

ऐकणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. ज्या घरांत कटु गोष्ट सांगणाऱ्यावर आधीं संताप होतो, त्या घरांत सगळेच गप्प राहण्यास शिकतात.

तो जुना मनोरा पडण्याचें एक कारण असें सांगतात कीं, त्याची वीट घरांत ठेविल्यास भाग्य उजळतें या समजुतीनें लोक वर्षानुवर्षें एकेक वीट काढून नेत असत. त्याच जागीं २००२ सालीं नवा मनोरा उभारण्यांत आला. विटांचा मनोरा पुन्हा बांधतां येतो. संसारांतील विश्वासाची एकेक वीट निघत गेली, तर तो पुन्हा उभारणारा कारागीर सहजासहजीं मिळत नाहीं.