घड्याळ पुन्हा शून्यावर?

हातातल्या रेडिओ स्कॅनरचे सेल बदलले की घड्याळ शून्यावर येतं? दुरुस्तीला धावण्याआधी आतली बॅकअपची सोय पाहा. काही संचांत छोटा कपॅसिटर असतो. संच बरेच दिवस पडून असेल, तर तो नुसता रिकामा झालेला असतो. चांगले सेल घालून काही तास ठेवा. बटण-सेल असेल, तर पत्तीवरचा हिरवट थर पुसा आणि मल्टिमीटर लावा. 3 व्होल्टच्या सेलवर अडीचपेक्षा कमी दिसले, तर तो संपलाच म्हणायचा. मात्र चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी साधा सीआर 2032 बसवू नका. चार्जिंग मिळालं की तो फुगतो, फुटूही शकतो. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला, तरी नाही म्हणजे नाही!