झाडाला ईमेल आला!

कानात इयरफोन आहेत ना? बसमध्ये असाल तर आज खिडकीबाहेर बघत ऐका, कारण गोष्ट रस्त्याकडेच्या झाडांची आहे. अशा झाडांची, ज्यांना स्वतःचा ईमेल आयडी आहे!

थापा मारत नाहीये. हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात घडलंय. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून दहा-बारा वर्षं भयंकर दुष्काळ होता. पाण्यावर निर्बंध आले आणि शहरातली झाडं वाळायला लागली. पालिकेच्या अंदाजानुसार काहीच केलं नसतं, तर पुढच्या 20 वर्षांत साधारण 40 टक्के झाडं गेली असती. मग 2012 मध्ये त्यांनी एक योजना आखली. शहरातल्या सार्वजनिक जागांचा 22 टक्के भाग झाडांच्या सावलीत होता, तो 2040 पर्यंत 40 टक्क्यांवर न्यायचा.

त्यासाठी पालिकेच्या हद्दीतली जवळपास 70 हजार झाडं ऑनलाइन नकाशावर टाकली. प्रत्येक झाड म्हणजे एक ठिपका. ठिपक्यावर टॅप केलं की झाडाची जात, त्याचा नंबर आणि ते अजून किती वर्षं जगेल याचा अंदाज. सोबत त्या झाडासाठी ईमेल पाठवायची सोय. हेतू अगदी सरकारी होता. फांदी तुटली, कीड लागली, तर लोकांनी झाडाचा नंबर देऊन तक्रार करावी. बस्स.

आणि लोकांनी काय केलं? झाडांना पत्रं लिहिली! तक्रारी नाही, चक्क प्रेमपत्रं!

कुणीतरी कॉलेजमधून बाहेर पडताना दिसलेल्या एल्मच्या झाडाला लिहिलं, की आज तुझं सौंदर्य बघून मी थक्क झालो. एकाने तर झाडाला ग्रीसच्या कर्जसंकटावर त्याचं मत विचारलं. आता बोला! मग ही गंमत व्हायरल झाली आणि मेलबर्नबाहेरूनही मेल यायला लागले. अमेरिकेतल्या मिसिसिपीतून एका ओकने तिथल्या झाडाला 'कसं काय, बरंय ना?' अशा थाटात मेल केला. स्वतःचं वय सांगितलं साडेतीनशे वर्षं! म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातला म्हातारा, आणि मेल करतोय.

आता खरी मजा ऐका. झाडांनी उत्तरंही दिली! म्हणजे पालिकेतले कर्मचारी झाडाच्या वतीने लिहायचे. एकाने निलगिरीच्या जातीतल्या एका झाडाला विचारलं, 'तुला मिस्टर म्हणू की मिसेस?' उत्तर आलं, की माझ्या फुलांत नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे मी मिस्टरही नाही आणि मिसेसही नाही. हसता हसता वनस्पतिशास्त्राचा धडा!

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडलं सांगू? 'शहरात 70 हजार झाडं आहेत' हे ऐकून आपल्याला काहीच होत नाही. पण 'तुझ्या बसस्टॉपवरचं हे झाड, त्याचा हा नंबर, आणि ते अजून एवढीच वर्षं जगेल' असं म्हटलं की पोटात कालवतं. झाड तेच, फक्त आता ते ओळखीचं झालं.

आपल्याकडे झाडांना ईमेल नाही. पण महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात झाडांची गणना करायची तरतूद आहे. आणि झाड तोडायची परवानगी मागितली गेली, की त्या झाडावर नोटीस लावावी लागते. ती नोटीस वाचून, ठरलेल्या मुदतीत, तुम्ही-आम्ही लेखी हरकत घेऊ शकतो. म्हणजे झाडाच्या वतीने पत्र लिहायची सोय आपल्याकडेही आहे! फक्त ते प्रेमपत्र नसतं, आणि वेळेत नाही लिहिलं तर वाचायला झाड उरत नाही.

तेव्हा रस्त्यात एखाद्या झाडावर कागद चिकटवलेला दिसला, तर 'जाहिरात असेल' म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, वाचा, फोटो काढा. हरकत कधीपर्यंत आणि कुठे द्यायची तेवढं बघा.

आणि तुमचं आवडतं झाड कोणतं? शाळेबाहेरची चिंच, चहाच्या टपरीमागचा पिंपळ, काहीही असू दे. त्याला ईमेल करता आला, तर काय लिहाल? मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात, तोवर बघत राहा, ऐकत राहा!