डंकर्कचा सूत्रधार : अ‍ॅडमिरल रॅमसे

लढायांच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुधा तोफेच्या आणि तलवारीच्या असतात. ठाणे कोणी जिंकले, झेंडा कोणी रोवला, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण त्या फौजेला शिधा कोणी पोचवला, नदी उतरायला होड्या कोणी गोळा केल्या, आणि माघार घ्यायची पाळी आली तेव्हा माणसे सुखरूप परत कोणी आणली, हे विचारायची आपल्याला फारशी सवय नाही. आज मी आपणांस अशाच एका माणसाची हकिकत सांगणार आहे. त्याचे नाव अ‍ॅडमिरल सर बर्ट्राम रॅमसे. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कहून हरलेली फौज परत आणली ती याने, आणि चार वर्षांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोठी फौज उतरवली तीही यानेच. तरीसुद्धा माँटगोमेरी आणि आयझेनहॉवर ही नावे जशी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात, तसे हे नाव नाही.

रॅमसेचा जन्म २० जानेवारी १८८३ चा. बाप घोडदळातला अधिकारी. मुलगा मात्र १८९८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आरमारात शिरला. त्या काळी ब्रिटिश आरमार म्हणजे जगभर पसरलेल्या साम्राज्याचा कणा. १९०३-०४ मध्ये सोमालीलँडच्या मोहिमेत हा तरुण होता. ती मोहीम परक्यांचा देश ताब्यात ठेवण्यासाठी होती, हे आपण विसरू नये. आपणही त्याच साम्राज्याखाली होतो. पण माणसाचे गुण पाहायचे तर ते जिथे दिसतील तिथे पाहावेत.

पहिल्या महायुद्धात १९१५ पासून तो डोव्हरच्या पथकात होता. डोव्हर हे इंग्लंडच्या आग्नेय टोकाचे बंदर. समोर फ्रान्स, मध्ये इंग्लिश खाडी. बेल्जमच्या किनाऱ्यावर तोफा डागायच्या, खाडीत गस्त घालायची, असे काम त्याने तीन वर्षे केले. कुठे वाळूचे दांडे आहेत, भरती-ओहोटीला पाण्याची ओढ किती असते, धुके केव्हा उतरते, हे सगळे तेव्हाच त्याच्या अंगवळणी पडले. आपल्या कोकणातल्या तांडेलाला जशी आपली खाडी डोळे मिटून कळते, तसे म्हणा ना. हे ज्ञान पुढे बावीस वर्षांनी कामास आले.

आता त्याच्या आयुष्यातला एक चमत्कारिक प्रसंग सांगतो. १९३५ साली रॅमसे रिअर अ‍ॅडमिरल झाला आणि सर रॉजर बॅकहाउस या सरसेनापतीच्या हाताखाली मुख्य सहायक म्हणून गेला. बॅकहाउस जुना परिचित, माणूस कर्तबगार; पण सगळे काम स्वतःच्या हाताने करणारा. प्रत्येक कागद आपण लिहायचा, प्रत्येक हुकूम आपण काढायचा. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी नुसते बघत राहायचे. रॅमसेचे मत अगदी उलट होते. वरिष्ठाने धोरण ठरवावे, तपशील ज्याचा त्याच्यावर सोपवावा आणि मग त्याच्यावर विश्वास टाकावा, असे तो मानी. दोघांचे पटेना. काही महिन्यांतच, १९३५ च्या डिसेंबरात, रॅमसेने आपल्याला या जागेवरून मोकळे करावे असे सांगितले. आरमारात वरिष्ठाला असे सांगणे म्हणजे आपल्या पुढच्या बढतीवर पाणी सोडणेच. झालेही तसेच. दुसरे मोठे काम त्याच्याकडे आले नाही आणि १९३८ साली त्याचे नाव निवृत्तांच्या यादीत गेले. घरी पत्नी आणि दोन लहान मुलगे. वय पंचावन्न. चार लोकांनी म्हटले असते, संपली या माणसाची कारकीर्द.

पण युद्धाचे ढग जमू लागले, तशी डोव्हरची माहिती असलेल्या माणसाची आठवण झाली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्याला निवृत्तीतून बोलावून डोव्हरचा प्रमुख नेमले. तेथील किल्ल्याखाली खडूच्या कड्यात नेपोलियनच्या काळी खोदलेली भुयारे आहेत. त्या भुयारांत त्याने आपली कचेरी थाटली.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी फ्रान्समध्ये मुसंडी मारली आणि अवघ्या दोन आठवड्यांत ब्रिटिश, फ्रेंच व बेल्जियन सैन्य समुद्राच्या कडेला कोंडले गेले. पाठीशी पाणी, तिन्ही बाजूंना शत्रू, आणि हाती उरलेले एकच बंदर, डंकर्क. २६ मेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास रॅमसेला हुकूम मिळाला की फौज उचलण्यास सुरुवात करा. लंडनचा अंदाज असा, की दोन दिवस मिळतील आणि फार तर ४५ हजार माणसे परत येतील. बाकीची गेली असे समजायचे.

आता अडचणी बघा. डंकर्कचे आतले बंदर बाँबफेकीने निकामी झालेले. किनारा उथळ, मोठे जहाज जवळ येऊ शकत नाही. सर्वांत जवळचा जलमार्ग ३९ सागरी मैलांचा, पण तो कॅलेच्या बाजूने जाणारा, आणि तिथे जर्मन तोफा बसलेल्या. दुसरा मार्ग सुरक्षित, पण ८७ मैलांचा. म्हणजे प्रत्येक खेपेला दुपटीहून जास्त वेळ. मधला ५५ मैलांचा, पण त्यात पाणसुरुंग पेरलेले. रॅमसेने हा मधला मार्ग सुरुंग काढून मोकळा करविला. पहिल्या पुऱ्या दिवसात, २७ मे रोजी, केवळ ७,६६९ माणसे परत आली. या हिशोबाने अंदाजाइतकीही माणसे सुटली नसती.

त्याच दिवशी रॅमसेच्या वतीने कॅप्टन टेनंट हा अधिकारी डंकर्कला उतरला. त्याच्या नजरेस बंदराच्या पूर्वेकडचा लाटा अडवणारा बांध आला. लांबी मैलाला थोडी कमी, वर लाकडी फळ्यांची वाट, तीनचार माणसे जेमतेम शेजारी शेजारी चालतील एवढी. जहाज लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. टेनंटने एक जहाज त्याला लावून पाहिले. ते टिकले. मग एकामागून एक जहाजे येऊ लागली. दोरखंड कसे बांधायचे, भरती-ओहोटीचा पंधराएक फुटांचा फरक कसा सांभाळायचा, हे डोव्हरच्या भुयारातून कोणी विचारत बसले नाही. त्या जागी जो उभा होता त्याने ते ठरवले. रॅमसेने जहाजे, कोळसा, तेल, पाणी, अन्न आणि नकाशे पाठवण्याचे काम आपल्याकडे ठेवले. पाच वर्षांपूर्वी ज्या तत्त्वासाठी त्याने बढती सोडली होती, तेच तत्त्व आता हजारो माणसांचे प्राण वाचवीत होते.

आकडे स्वतःच बोलतात. २८ तारखेला १७ हजार, २९ ला ४७ हजार, ३० ला सुमारे ५४ हजार, ३१ मे रोजी ६८ हजार. छोट्या होड्यांची कथा आपण ऐकलेली असते, आणि मासेमारांनी व हौशी नाविकांनी दाखवलेले धैर्य खरेच आहे. किनाऱ्यावरून ९८,७८० माणसे आली, त्यांत त्या होड्यांचा मोठा हात. पण बंदरातून, म्हणजे मुख्यतः त्या अरुंद बांधावरून, २ लाख ३९ हजार ४४६ माणसे आली.

याची किंमतही जबर होती. २९ मेला तीन ब्रिटिश विनाशिका बुडाल्या, १ जूनला आणखी तीन. त्यानंतर दिवसा जहाजे पाठवणे थांबवावे लागले. खलाशांना कित्येक दिवस धड झोप मिळालेली नव्हती. काही नागरी जहाजांवरचे लोक पुन्हा जायला तयार होईनात. रॅमसेने तिथे आरमारी माणसे चढवली आणि जहाजे हाकारली. २ जूनच्या रात्री ब्रिटिश फौज परत आल्याचा संदेश आला. काम संपले असे म्हणता आले असते. पण मागे राहून शत्रूला थोपवून धरणारे फ्रेंच सैनिक अजून तिथेच होते. थकलेली जहाजे त्यांच्यासाठी पुन्हा गेली. शेवटच्या रात्री २६ हजार माणसे आली. तरीही सुमारे ४० हजार फ्रेंच सैनिक मागे राहिले आणि कैद झाले. एकूण परत आलेली माणसे ३ लाख ३८ हजार २२६. पंतप्रधान चर्चिल यांनी पार्लमेंटला ४ जूनला बजावले की माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. ते खरेच होते. पण ही माणसे गेली असती तर पुढे लढायला कोण उरले असते?

श्रोतेहो, त्या गर्दीत आपल्याकडचेही लोक होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यानंतर डिसेंबरात मुंबई बंदरातून खेचरांच्या चार तुकड्या फ्रान्सला गेल्या. जवान बहुतेक पंजाबचे. मोटारींवर भिस्त ठेवलेल्या ब्रिटिश फौजेला चिखलात आणि बर्फात ओझी वाहायला खेचरे लागली, म्हणून हे लोक बोलावले गेले. डंकर्कच्या वाळूवर त्यांना आपली जनावरे सोडून द्यावी लागली. एक तुकडी दुसरीकडे अडकून जर्मनांच्या कैदेत पडली. बाकीच्या जहाजांतून इंग्लंडला पोचल्या. ज्याने जनावर पाळले आहे, त्याला ते सोडून जाताना काय वाटले असेल, हे निराळे सांगायला नको.

यानंतर रॅमसेला स्वस्थ बसू कोण देणार? १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या स्वारीची आखणी, जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवणे, आणि मग सर्वांत मोठे काम, नॉर्मंडी. गंमत अशी, की एवढी कामे होईपर्यंत हा माणूस सरकारी कागदावर निवृत्तच होता! १९४४ च्या एप्रिलअखेर त्याला पुन्हा कायम सेवेत घेतले आणि अ‍ॅडमिरल केले.

डंकर्कला वेळ नव्हता, नॉर्मंडीला होता. म्हणून इथे रॅमसेची दुसरी बाजू दिसते. त्याने काढलेले लेखी हुकूम हजार पानांच्या वर गेले. काही अमेरिकन अधिकारी कुरकुरले, की एवढा तपशील कशाला? विश्वास टाकणारा हा माणूस आता बारीकसारीक का लिहू लागला, असे आपल्यालाही वाटेल. पण हिशोब पाहा. सुमारे ७ हजार लहानमोठी गलबते, ती निरनिराळ्या बंदरांतून निघणार, रात्री अंधारात दिवे न लावता चालणार, सुरुंगांतून काढलेल्या दहा वाटांतून जाणार, आणि पहाटे ठरल्या मिनिटाला पाच किनाऱ्यांवर पोचणार. त्यांवरचे कित्येक तरुण अधिकारी वर्षादोन वर्षांपूर्वी दुकानात किंवा कचेरीत काम करणारे. जिथे माणूस अनुभवी आहे तिथे त्याला मोकळीक द्यावी. जिथे हजारोंनी एकमेकांना न बघता एकत्र चालायचे आहे, तिथे प्रत्येकाची पायरी आधी आखून द्यावी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

५ जूनचा बेत वादळामुळे एक दिवस पुढे गेला. निघालेली जहाजे परत फिरवावी लागली. ४ जूनच्या रात्री हवेचा नवा अंदाज आला, तेव्हा बैठकीत रॅमसेने आठवण दिली की मंगळवारी जायचे असेल तर अर्ध्या तासात माझ्या जहाजांना इशारा गेला पाहिजे. आयझेनहॉवरने होकार दिला. ६ जून १९४४ रोजी समुद्रावाटे सुमारे १ लाख ३२ हजार सैनिक उतरले.

पुढे एक प्रसंग असा घडला, की त्यात रॅमसेचे म्हणणे ऐकले गेले नाही. ४ सप्टेंबरला बेल्जमचे अँटवर्प बंदर जवळजवळ धडधाकट दोस्तांच्या हाती आले. सगळ्यांना आनंद झाला. पण हे बंदर समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटर आत, शेल्ट नदीवर. खाडीचे दोन्ही काठ जर्मनांकडे, पाण्यात सुरुंग. रॅमसेने आदल्याच दिवशी तार करून इशारा दिला होता, की खाडी मोकळी केल्याशिवाय बंदराचा उपयोग नाही. म्हणजे घर मिळाले, पण दाराची वाट दुसऱ्याच्या ताब्यात. सेनापतींचे लक्ष पुढच्या चढाईकडे होते. शेवटी ती खाडी साफ करायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठी लढाई करावी लागली. तिचा मोठा भार कॅनडाच्या सैन्याने उचलला, आणि दोस्तांचे तेरा हजारांच्या आसपास लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पहिला जहाजांचा तांडा अँटवर्पला लागला तो २८ नोव्हेंबरला, बंदर जिंकल्यावर ८५ दिवसांनी. तोवर आघाडीवरचे रणगाडे तेलावाचून खोळंबत होते.

युद्धाचा शेवट पाहणे मात्र रॅमसेच्या नशिबी नव्हते. २ जानेवारी १९४५ रोजी माँटगोमेरीच्या भेटीसाठी ब्रुसेल्सला जायला तो पॅरिसजवळच्या विमानतळावरून निघाला. विमान उडताच कोसळले. त्यातले सर्वजण ठार झाले. बासष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. फ्रान्समध्येच, सँ-जर्मँ येथे, त्याला मूठमाती दिली. इतर सेनानींनी युद्धानंतर जाडजूड आत्मचरित्रे लिहिली. याला ती सवड मिळाली नाही. १९४४ ची त्याची रोजनिशी छापून आली ती पन्नास वर्षांनी, १९९४ साली. आणि डोव्हरच्या किल्ल्यावर त्याचा पुतळा उभा राहिला तो २००० साली.

श्रोत्यांमध्ये शिक्षक पुष्कळ असतील, गावचा कारभार पाहणारेही असतील. त्यांनी या चरित्रातून एवढेच घ्यावे. सहलीला शंभर मुले न्यायची असोत की पुरात सापडलेली वस्ती हलवायची असो, हाताखालच्या माणसाला त्याचे काम नीट समजावून द्यावे, लागणारी साधने त्याच्या हाती वेळेवर पोचवावीत, आणि मग त्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि शेवटचा माणूस परत येईपर्यंत काम संपले असे म्हणू नये. २ जूनच्या रात्री डोव्हरच्या भुयारात बसलेल्या त्या थकलेल्या माणसाने तसे म्हटले नाही, म्हणून आणखी हजारो लोकांनी आपल्या घरचा उंबरठा पुन्हा पाहिला.