पियानोला गातां येतें काय?

नाट्यगीतांच्या नादानें आमच्या सदाशिव पेठेंत बाजाची पेटी कित्येक घरांत शिरली. पियानोची ओळख मात्र बहुतेकांना झाली ती तबकडीवरूनच. ह्या दोन्ही वाद्यांवर आक्षेप एकच आहे. पट्टी दाबावी व ठराविक सूर निघावा. दोन सुरांमधली वाट त्यांत नाहीं, म्हणून मींड नाहीं व श्रुतीही नाहींत. ह्याच कारणास्तव १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला दार बंद केलें, व तें पुढें कित्येक वर्षें बंदच राहिलें. पियानोची अवस्था तर अधिक बिकट. पेटींत भात्याची हवा आहे तोंवर सूर टिकतो. पियानोंत हातोडी तारेवर पडली कीं त्याच क्षणापासून सूर विरूं लागतो. असें वाद्य गाईल कसें?

फ्रेदेरिक शोपँ (१८१०–१८४९) ह्या पोलिश संगीतकारानें ह्याचें उत्तर शोधिलें तें गवयांपाशीं. थोर गायकांचें गाणें ऐका, असें तो शिष्यांना सांगे. त्यानें पियानोसाठीं रचिलेल्या ‘नॉक्टर्न’ म्हणजे निशागीतांपैकीं ई-फ्लॅटमधील सुप्रसिद्ध गीत १८३२ सालीं छापून निघालें. आर्थर रुबिनस्टाइन ह्यांनीं १९३६-३७ सालीं हीं निशागीतें लंडन येथें ध्वनिमुद्रित केलीं. साथीस कोणी नाहीं, एकटा पियानो आहे. आज तीं घरबसल्या सहज ऐकावयास मिळतात.

हें गीत ऐकतांना प्रथम केवळ डाव्या हाताकडे लक्ष द्यावें. तो तबल्याच्या ठेक्याप्रमाणें लय धरून असतो. डाव्या हातानें वाद्यवृंदाच्या चालकाप्रमाणें लय सांभाळावी, अशी शोपँची शिकवण त्याच्या शिष्यांनीं नमूद केली आहे. मग उजवा हात ऐकावा. तो लयीच्या किंचित् मागें रेंगाळतो, पुन्हां तिला गांठतो. मूळ धून पुनःपुन्हां येते, परंतु दर खेपेस नव्या हरकती व मुरक्या लेवून. अखेरीस डावा हात थबकतो. उजव्या हाताची एक लकेर वरच्या सप्तकांत घोटाळते व हलकेच खालीं उतरते. पायाखालच्या पट्टीनें तारांवरचे दाबक उचलले गेल्यामुळें विरणारे सूर एकमेकांत मिसळतात, आणि मींड नसतांही मींडेचा भास होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जुन्या तबकडीच्या तीन-चार मिनिटांत आपला ख्याल आटोपता घ्यावा लागे. हें गीत मुळांतच सुमारें चार मिनिटांचें. त्याला कात्री लावावी लागली नाहीं.

आपल्याकडे गोविंदराव टेंबे ह्यांनीं पेटीवर गायकी उतरविण्याचा ध्यास घेतला होता. ज्यांना त्याचें मोल वाटतें, त्यांना शोपँ परका वाटण्याचें कारण नाहीं. पियानोला श्रुती नाहींत हें खरेंच. तथापि लयीशीं लडिवाळपणें खेळणें व सुरावर जीव लावणें हीं गाण्याचीं अंगें त्याच्या आटोक्यांत आहेत. रात्रीं निजानीज झाल्यावर, हातचें काम बाजूस ठेवून, हीं चार मिनिटें एकदां अवश्य ऐकावींत.